‘करवियलें’पासून ‘फोन कर’पर्यंत

आजऱ्याहून एका ताईंनी विचारलंय : "मुलगी फ्रेंच शिकतेय. सगळीकडे एकच क्रियापद, ‘फेर’, म्हणजे करणे. आणि आमच्या मराठीतही आता फोन कर, चार्ज कर. भाषा बिघडली म्हणायची का?"

आधी फ्रेंच बघू. ‘इल फे फ्र्वा’ म्हणजे थंडी आहे. शब्दशः ‘ते थंड करतं’. आपल्याकडे थंडी पडते किंवा वाजते, करत नाही. सकाळी उशिरापर्यंत लोळायचं, तर फ्रेंच माणूस ‘लठ्ठ सकाळ करतो’. दोन आणि दोन आपल्याकडे चार होतात, तिकडे चार ‘करतात’. हे पाठच करावं लागतं.

पण एक गोष्ट मुलीला घरचीच वाटेल. फ्रेंचमध्ये ‘फेर’पुढे दुसरं क्रियापद ठेवलं, की काम दुसऱ्याकडून करवून घेतलं असा अर्थ होतो. चौदाव्या लुईनं व्हर्साय ‘बांधायला लावलं’. विटा काही त्यानं रचल्या नाहीत.

आता चला श्रवणबेळगोळला. गोमटेश्वराची मूर्ती इ.स. 981 च्या सुमारास उभी राहिली. तिच्या पायाशी मराठी अक्षरं आहेत : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. चावुंडराजानं करवून घेतलं. पुढची ओळ गंगराजाची. त्यानं भोवतीचं आवार करविलं. ती बाराव्या शतकातली, आणि काही अभ्यासक पहिली ओळही त्याच काळातली मानतात. काळ कुठलाही धरा, मराठीच्या अगदी जुन्या वाक्यांपैकी एक ‘करणे’वर उभं आहे. तिथंच हीच गोष्ट कन्नडमध्येही कोरली आहे : ‘माडिसिदं’. ‘माडु’ म्हणजे कर, ‘माडिसु’ म्हणजे करव. गडहिंग्लजच्या बाजारात कान दिला तर हे ‘माडु’ आजही ऐकू येईल.

मग फारसी आली. अर्ज, माफ, कबूल, सुरू... मराठीनं प्रत्येकाला ‘करणे’ जोडलं आणि आपलंसं केलं. राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला (बघा, करवून!). रघुनाथ पंडितांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बदलायचे होते ते बहुतेक नामशब्द. मराठीत आजही ‘अर्ज करतो’च्या जागी ‘विनंती करतो’ म्हणा, ‘करतो’ जागच्या जागी.

म्हणून ताई, ‘फोन कर’मध्ये ‘फोन’ पाहुणा, ‘कर’ घरमालक. केला, करेन, करवून घेतला, हे सगळं रूप मराठीच ठरवते. कन्नड शेजारीण ‘फोन माडु’ म्हणते, घाटाखालची कोकणी ‘फोन कर’ म्हणते. कुणाचीच भाषा त्यानं बुडाली नाही.

काळजी करायचीच, तर दुसरी करा. ‘शिंपणे’ सोडून ‘पाणी स्प्रे करणे’, ‘निवडणे’ सोडून ‘सिलेक्ट करणे’. तिथं पाहुणा आला म्हणून घरचं माणूस बाहेर गेलं. असे शब्द तुमच्या घरात कुठले गेले? मुलीबरोबर बसून यादी करा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात वाचू.