लुत्फी झादे : एक निबंध आणि लाखभर हवाले

गेल्या महिन्यात एका व्हॉट्सअॅप गटात 'मुस्लिम शास्त्रज्ञां'ची यादी फिरत आली. अल-ख्वारिझ्मी, इब्न सिना ही नेहमीची नावे होती आणि शेवटी लुत्फी झादे. पुढे लिहिले होते की, त्यांच्या एकाच निबंधाचा हवाला एक लाखाहून जास्त वेळा दिला गेला आहे. आकडा खरा आहे. मात्र त्या आकड्यामागची गोष्ट यादीत नव्हती, म्हणून ती इथे सांगतो.

झादे यांचा जन्म 1921 मध्ये बाकू शहरात झाला. ते तेव्हा सोव्हिएत सत्तेखाली होते. वडील इराणी अझरबैजानी पत्रकार, आई रशियन ज्यू डॉक्टर. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब तेहरानला आले. तिथे तो अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळेत शिकला, 1942 मध्ये तेहरान विद्यापीठातून इंजिनिअर झाला आणि 1944 मध्ये अमेरिकेला गेला. 1949 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. 1959 पासून ते बर्कलेला प्राध्यापक होते. नियंत्रणशास्त्रात त्यांचे नाव आधीच झाले होते आणि 1963 पासून विभागप्रमुखपदही होते. म्हणजे गप्प बसले असते तरी सुखाने निवृत्त झाले असते.

1965 मध्ये त्यांनी 'फझी सेट्स' हा 16 पानांचा निबंध छापला. मुद्दा आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. जुन्या गणितात एखादी वस्तू गटात असते किंवा नसते. 'उंच माणसे' या गटाची हद्द सहा फूट ठरवली, तर पाच फूट अकरा इंचाचा माणूस बाहेर जातो. झादे म्हणाले, सदस्यत्वाला शून्य ते एक यांच्यामधली कोणतीही किंमत देऊ या. तो माणूस 0.9 इतका उंच आहे. एवढेच, पण यामुळे 'थोडे', 'बरेच', 'जवळजवळ' हे शब्द यंत्राला सांगण्याजोगे झाले.

स्वागत मात्र कडू झाले. 1972 मध्ये रुडॉल्फ काल्मन या नामवंत शास्त्रज्ञाने भर परिषदेत या कल्पनेवर सडकून टीका केली. बर्कलेतलेच सहकारी विल्यम काहान यांनीही ती चुकीची ठरवली. संभाव्यतेचे गणित असताना हे नवे कशाला, असे अनेकांचे म्हणणे होते. झादे चिडले नाहीत, थांबलेही नाहीत.

कल्पना हातात घेतली ती दुसऱ्यांनी. टांझानियात जन्मलेले आणि भारतात शिकलेले इब्राहिम ममदानी लंडनमध्ये शिकवत होते. त्यांनी 1970च्या दशकाच्या मध्यास आपला विद्यार्थी असिलियन याच्यासोबत एक छोटे वाफेचे इंजिन याच तर्काने चालवून दाखवले. 1987 मध्ये जपानच्या सेंदाई शहरातील मेट्रो याच पद्धतीने सुरू झाली. गाडी अलगद थांबू लागली. मग वॉशिंग मशीन आले, कॅमेरे आले. हवाल्यांचा पूर आला तो त्यानंतर.

आता हवाल्यांविषयी. मराठी वर्तमानपत्रात हा शब्द काळ्या पैशाच्या बातमीत भेटतो, उर्दूत तो संदर्भ या साध्या अर्थाने येतो. अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये विज्ञानातील संदर्भांची मोठी सूची काढली. कोणाच्या लेखनाचा आधार कोणी घेतला हे शोधता यावे, हा तिचा मूळ हेतू होता. पुढे तिचेच तराजू झाले. 2005 मध्ये जॉर्ज हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' मांडला आणि माणसाचे आयुष्यभराचे संशोधन एका अंकात बसू लागले. पण हा अंक मोजतो, तोलत नाही. झादेंना खोडून काढणाऱ्याने त्यांचे नाव लिहिले, तरी हवाला एकच आणि त्यांचे काम पुढे नेणाऱ्यानेही लिहिले, तरी एकच. शिवाय अंक उशिरा येतो. 1970 साली कोणी असे तराजू घेऊन बसले असते, तर झादेंना 'हा नाद सोडा' असेच सांगितले असते.

मी शिक्षक आहे. दरवर्षी 35 गुणांची रेघ मारतो. 34चा मुलगा नापास आणि 35चा पास. दोघांच्या समजेत एका गुणाएवढाही फरक नसतो, हे वर्गात उभा राहणारा प्रत्येक जण जाणतो. आणि आमचेही मोल शेवटी निकालाच्या टक्क्यावरच ठरते.

राहिली ती यादी. झादे 'आपले' होते का? आई ज्यू, शाळा ख्रिस्ती, देश तीन-चार. 2017 मध्ये बर्कलेत इंतकाल झाला आणि दफन बाकूत. 'आहे' की 'नाही' या दोनच रकान्यांत माणूस बसत नाही, हे ज्याने जगाला गणितात शिकवले, त्याला आपण एकाच रकान्यात कोंबून अभिमान बाळगतो. अभिमान जरूर बाळगावा, पण मुलांना नाव पाठ करायला लावण्याआधी तो निबंध कशाबद्दल होता, हे सांगावे. आमच्या नववीच्या वर्गात मी 'उंच कोण?' हा प्रश्न फळ्यावर लिहिला, तेव्हा तास संपला तरी वाद संपला नव्हता.