मोडशी आणि न वाजलेल्या घंटा

लहानपणी लग्नाचं जेवण जरा जास्त झालं की आजी म्हणायची, "मोडशी झाली हो पोराला!" मग ओवा, सुंठ आणि दुसऱ्या दिवशी नुसती पेज. मोडशी म्हणजे अजीर्ण, यापलीकडे आमच्या घरात त्या शब्दाची मजल कधी गेली नाही. पुढे बी. ए. ला इतिहास घेतला आणि आजीची हीच मोडशी मला चक्क पोर्तुगीजांच्या लिखाणात भेटली.

१५६३ साली गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन आहे आणि इथले लोक या रोगाला 'मोर्शी' म्हणतात असंही नोंदवलं आहे. फिरंगी जिभेवर त्याचं 'मोर्देशी' झालं. फ्रेंचांनी तर कहरच केला. त्यांना तो शब्द 'मोर द शियां' असा ऐकू आला, म्हणजे कुत्र्याचं मरण! शब्दांचं असं होतं खरं, पण ज्यांनी तो रोग पाहिला त्यांना हा अर्थ फारसा चुकीचा वाटला नसावा.

त्याच्या वीस वर्षं आधी, १५४३ मध्ये, गोवा शहरात (आजचं जुनं गोवं) या मोडशीची भयंकर साथ आली होती. गास्पार कोरैया या इतिहासकाराने तिची हकीगत लिहून ठेवली आहे. माणसं इतकी मरू लागली की लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवायला बंदी केली. हा गव्हर्नर म्हणजे मार्तिं आफोंसो द सोझा. इस्पितळात या रोगाने एकजण गेला तेव्हा त्याने सगळ्या वैद्यांना बोलावून प्रेत उघडून पाहायला लावलं. काय सापडलं? पोट तेवढं आक्रसून सुरकुतलेलं, बाकी काही नाही.

मला हा गव्हर्नर अगदीच वाईट माणूस वाटत नाही. प्रेत फाडून कारण शोधायचा हुकूम १५४३ साली देणं ही साधी गोष्ट नव्हे. पण एकाच माणसाने एका हाताने कारण शोधावं आणि दुसऱ्या हाताने घंटा बंद कराव्यात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

कारण पोटात नव्हतंच, पाण्यात होतं. जुन्या गोव्याची जमीन सच्छिद्र, सांडपाणी झिरपत थेट विहिरींत जायचं. अर्थात हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? लंडनमध्ये जॉन स्नोने एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवलं ते १८५४ साली.

इस्पितळ मात्र त्या शहरात जगात नाव घेण्यासारखं होतं. १६०८ च्या सुमारास पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी तिथे आजारी म्हणून राहिला आणि स्तुती करताना थकला नाही. चांदीची भांडी, चिनी मातीची ताटं, स्वच्छ बिछाने! हा थाट गोऱ्या शिपायांसाठी, इथल्या माणसाला तिथे खाट नव्हती. आणि याच इस्पितळात सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सुमारे २५,००० पोर्तुगीज शिपाई मेले. साथी थांबल्या नाहीत. शेवटी व्हाइसरॉयनेच शहर सोडलं आणि १७५९ मध्ये मुक्काम पणजीला हलवला. वैद्यकीय शाळा निघाली १८४२ मध्ये. तिचंच पुढे, मुक्तीनंतर, आपलं गोमेकॉ झालं.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागलो तेव्हा काही वर्षं एका आरोग्य केंद्रात कारकून होतो. केंद्राचं नाव सांगत नाही. देशभर रोगांवर नजर ठेवण्याची सरकारी योजना २००४ मध्ये सुरू झाली होती आणि दर आठवड्याला किती तापाचे, किती जुलाबाचे असे आकडे वर पाठवावे लागत. एका आठवड्यात एकाच वाड्यावरचे चौदाजण जुलाबाने आले. मी चौदा लिहिले. साहेबांनी कागद परत दिला.

"अरे, जत्रा तोंडावर आली आहे. उगाच घबराट नको. सहा दाखव, बाकीचे पुढच्या आठवड्यात घे."

मी सहा लिहिले. आकडा लहान म्हणून वरून कोणी विचारलं नाही, आणि वाड्यावरच्या विहिरीत टीसीएल पावडर पडली ती आठवडाभर उशिरा. तेवढ्यात आणखी नऊजण आले. त्यातल्या एका पोटुशी बाईला सलाइन लावून बांबोळीला न्यावं लागलं. ती वाचली. तिचा नवरा दुसऱ्या दिवशी कागदावर सही-शिक्का घ्यायला माझ्याच टेबलाशी आला होता.

आरोग्य धोरणावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. २०१६ मध्ये गोव्यात आरोग्य विम्याची दीनदयाळ योजना आली, चांगलंच झालं. इस्पितळाची नवी इमारत झाली की कोनशिला बसते, फोटो येतात. विहिरीत वेळेवर टीसीएल टाकणाऱ्याचा फोटो मी तरी अजून पाहिला नाही. आणि विहीर कोणती ते त्याला कळणार कशावरून? त्या आठवड्याच्या आकड्यावरूनच ना!

२०२१ पासून ही माहिती नव्या संगणक प्रणालीवर जाऊ लागली. जुनी वही बहुधा त्या केंद्राच्या माळ्यावर असेल. तिच्यात माझ्याच अक्षरात त्या आठवड्यापुढे ६ लिहिलेलं आहे.