झोपेचा आलेख

बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कामगारांचा दिवस पहाटेपूर्वीच सुरू होतो. ऊस भरायला वाहन रात्री आले, तर उरलेली झोपही मोडते. झोप किती तास झाली, हे घड्याळ सांगते. ती कितपत गाढ होती, हे मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखावरून, म्हणजेच ‘ईईजी’वरून कळते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा असा पहिला आलेख नोंदविला.

आता हा आलेख संगणकात अंकरूपाने साठवून त्याचे ३० सेकंदांचे तुकडे पाडले जातात; आठ तासांच्या झोपेचे ९६०. फूरियर रूपांतर या गणिती पद्धतीने प्रत्येक तुकड्यातील लहरींची वारंवारता व शक्ती मोजली जाते. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तने असलेल्या उंच डेल्टा लहरी गाढ निद्रेच्या निदर्शक होत. स्वप्नावस्थेतील लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या दिसतात. म्हणून डोळ्यांच्या हालचाली व हनुवटीच्या स्नायूंचा ताणही नोंदवावा लागतो. घामामुळेही आलेखात मंद लहरी उमटतात, त्यामुळे संगणकाचा निष्कर्ष तज्ज्ञाने तपासणे आवश्यक ठरते.

गाढ निद्रा मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात, तर स्वप्ननिद्रा उत्तरार्धात येते. त्यामुळे दोन रात्रींचे तास सारखे भरले, तरी झोप सारखी झाली असे म्हणता येत नाही.