वही सावकाराची, पान आपले

श्रोतेहो, 'पत' हा शब्द आपल्या बोलण्यात किती सहज येतो! अमक्याची गावात पत आहे, तमक्याची पत गेली, असे आपण नेहमी म्हणतो. पत आहे म्हणजे काय? चार दिवसांच्या बोलीवर माल मागितला तर दुकानदार कपाळाला आठी घालीत नाही, आणि अडीनडीला शब्द टाकला तर तो खाली पडत नाही, एवढेच. ही पत पूर्वी दोन ठिकाणी नांदत असे. एक लोकांच्या तोंडी आणि दुसरी सावकाराच्या वहीत. लोकांच्या तोंडचे आज ना उद्या आपल्या कानावर येई. वहीतले मात्र कधी दिसत नसे. त्या न दिसणाऱ्या पानाची हकीकत आज मला आपल्याला सांगायची आहे.

ही हकीकत आपल्याच मुलखात सुरू होते. सुपे हे आजच्या बारामती तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथे जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? पैसा नव्हे, दागिने नव्हेत. त्यांनी मागितल्या वह्या आणि कर्जाची खते, आणि हाती आली तेवढी कागदपत्रे रस्त्यावर आणून जाळली. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरेही पेटली. पण माणसांवर हात फारसा उचलला गेला नाही. राग कागदावर होता. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले. इतिहासात यालाच 'दख्खनचे दंगे' असे नाव आहे.

आता विचारा, कागदावर एवढा राग का? त्याला कारणे पुष्कळ होती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तसा कापसाचा भाव बसला. तेजीत मोकळ्या हाताने उधार देणारा सावकार आता हात आखडू लागला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. पण शेतकऱ्याच्या मनात जे सलत होते ते निराळेच. पैसे फेडले तरी पावती मिळत नसे. खतावर कोणता आकडा घातला आहे ते अंगठा उठवणाऱ्याला कळत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते; व्याजाचा डोंगर वाढू नये हा त्याचा हेतू. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी जुने व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा परिपाठ ठेवला. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, ही आपली जुनी दामदुपटीची रीत. सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनला मात्र शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज घेतल्याचे एक प्रकरण आढळले. ज्या वहीत आपला जन्म गहाण पडला आहे, ती उघडून पाहता येत नाही. मग ती जाळण्यावाचून दुसरा मार्ग कोणता?

सरकारनेही हे मर्म थोडेफार ओळखले. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. खतावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. आणखी एक गोष्ट त्यात होती, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शेतकऱ्याला पैसे फेडल्याची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लेखी मिळावा, आणि मागितल्यास पासबुकात खाते उतरवून मिळावे, अशी कलमे त्यात घातली होती. ऋणकोला आपले पान पाहण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याकडे कायद्याने मान्य झाली ती अशी. अंमलबजावणी किती झाली, हा प्रश्न वेगळा. वाचता न येणाऱ्याच्या हाती पासबुक दिले तरी त्याचा उपयोग किती?

तिकडे अमेरिकेत वहीचे रूप बदलत होते. १८४१ साली न्यूयॉर्कच्या लुईस टॅपन या व्यापाऱ्याने गावोगावच्या व्यापाऱ्यांची पत कळवणारी पेढी काढली. १८९९ साली अटलांटा शहरात 'रिटेल क्रेडिट कंपनी' निघाली. तीच पुढे 'इक्विफॅक्स' झाली. या कंपन्या साध्या गिऱ्हाइकाचीही टिपणे ठेवू लागल्या. परतफेडीबरोबर त्याच्या वागणुकीविषयीचे शेरेही त्यांत असत, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले त्याला त्यांचा पत्ता नसे. म्हणजे सुप्याचेच दुखणे, फक्त वही मोठी! तेथे लोकांनी वह्या जाळल्या नाहीत, कायदा मागितला. १९७० च्या कायद्याने आपल्याविषयी काय नोंदले आहे ते जाणण्याचा आणि चूक असेल तर तक्रार करण्याचा हक्क दिला. २००३ च्या कायद्याने तिन्ही मोठ्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट अहवाल मिळू लागला, तोही इंटरनेटवर. २०२३ पासून तो तेथे दर आठवड्यास कायमचा मोफत झाला.

आपल्या देशात 'सिबिल' ही पहिली कंपनी २००० साली स्थापन झाली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि पुढे एक्सपेरियन, इक्विफॅक्स व सीआरआयएफ हाय मार्क यांनाही परवाने मिळाले. पण लोकांच्या तोंडी नाव बसले ते सिबिलचेच. बँका, सहकारी बँका, वित्तकंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० यांमधला एक आकडा निघतो. आपला अहवाल मागण्याचा हक्क कायद्यात होताच, पण पैसे मोजावे लागत. रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश काढला आणि २०१७ पासून प्रत्येक कंपनीने दर वर्षी एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा, असे ठरले. कंपन्या चार, म्हणजे वर्षाला चार अहवाल.

येथे माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी घरासाठी कर्ज काढायला गेलो. अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, "सर, तुमच्या नावावर थकबाकी दिसते." मी चकित! मग उलगडा झाला. एका सहकाऱ्याला मी जामीन राहिलो होतो. त्याने कर्ज केव्हाच फेडले होते, बेबाकीचा दाखलाही त्याच्या कपाटात होता. पण फेडल्याची नोंद पुढे गेलीच नव्हती. ती दुरुस्त होईपर्यंत दोन महिने गेले आणि ठरवलेले घर हातचे गेले. चूक कोणाची, याची चर्चा मी करीत नाही. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दर वर्षी वर्गात मी सुप्याच्या दंग्यावर तास घेतो, आणि माझे स्वतःचे पान मी एकदाही उघडून पाहिले नव्हते!

तेव्हा श्रोतेहो, पान उघडावे कसे? वर दिलेल्या चारही कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर मोफत अहवालाची सोय आहे. नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाईल क्रमांक लागतो. आपण स्वतः पाहिल्याने आकडा कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका. फेडलेले कर्ज चालू दिसते का, आपण न काढलेले कर्ज नावावर आहे का, आणि जामीनकी कोठे कोठे आहे, हे आधी पाहा. चूक आढळली तर कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. २०२३ च्या ऑक्टोबरमधील आदेशाप्रमाणे तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरली आहे. तेवढ्यानेही भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. मात्र 'पैसे द्या, सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खरी थकबाकी कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी पुसायला दलाल लागत नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात जामीन राहायचे झाले की लोक पहिल्यांदा मास्तरांकडेच येतात. म्हणून आधी आपले पान पाहा, मग गावाला दाखवा. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. १८७९ साली पासबुक हाती आले, पण ते वाचून दाखवणारा जवळ नव्हता. आज तो आहे. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतो. त्याच दिवशी शेजारच्या दोनचार घरांत जाऊन त्यांचे पान त्यांना वाचून दाखवा. वही आजही दुसऱ्याच्याच घरी असते. पण तिच्यातले आपले पान उघडण्याची किल्ली आता आपल्या हाती आहे.