ताशी ८६ मैल वेगाने पळणारे झाड

१९७९ साली अमेरिकेतल्या मायामी शहरात एका दूरचित्रवाणी वार्ताहराने वाहतूक पोलिसांच्या रडार गनची गंमत लोकांना दाखवली. गन ताडाच्या झाडावर रोखली, तर आकडा उमटला ताशी ८६ मैल, म्हणजे जवळपास १३८ किलोमीटर! एक घर तर म्हणे ताशी २८ मैलांनी निघाले होते. लोक पोट धरून हसले असतील. पण अशाच यंत्राच्या साक्षीवर ज्यांनी दंड भरला होता, त्यांना हसू आले असेल का?

श्रोतेहो, या यंत्रामागचे तत्त्व साधे आहे. शिट्टी देत आगगाडी जवळ येते तेव्हा तिचा सूर चढा लागतो, निघून गेली की उतरतो. डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हा नियम मांडला. रडार गनने सोडलेल्या लहरी धावत्या गाडीवर आपटून परततात, तेव्हा त्यांची कंप्रता किंचित बदललेली असते. जुन्या गनच्या लहरींची सेकंदाला सुमारे १,०५२ कोटी आवर्तने होत. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीमुळे त्यांत फरक पडे जेमतेम १,९५० आवर्तनांचा. तो फरक यंत्र नीट मोजते, याबद्दल मला शंका नाही. पण मोजला तो वेग नेमका कोणाचा? झोत पंधरा अंशांचा धरला तरी ३०० मीटरवर तो ८० मीटर फाकतो. त्यात तीन-चार गाड्या सहज येतात आणि मागचा थोराड ट्रक पुढच्या छोट्या गाडीपेक्षा जास्त लहरी परतवतो. पोलिसांच्या गाडीतला पंखासुद्धा कधी कधी आकडा उमटवतो. (थांबलेल्या पोलिसाने गन तिरकी धरली तर मात्र आकडा कमी येतो. ही चूक चालकाच्या पथ्यावर पडणारी!)

रडार अमेरिकन रस्त्यांवर आले १९४० च्या दशकाच्या अखेरीस. भांडण पेटले ते तेलटंचाईनंतर. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. सरळसोट, रिकाम्या हमरस्त्यांवर ती ट्रकचालकांना जाचू लागली. ओहायोतल्या डेल स्मिथ यांचा 'फझबस्टर' हा डिटेक्टर मग हातोहात खपला. गनला लहर जाऊन परत यावी लागते, डिटेक्टरला नुसती जाणारी लहर पुरते. म्हणून पोलिसाला गाडी कळण्याआधी चालकाला पोलीस कळे. व्हर्जिनिया राज्याने अशा डिटेक्टरवर घातलेली बंदी आजही कायम आहे. चोरवाटेला चोरवाट, एवढेच मी म्हणेन.

मायामीच्या न्यायालयात मात्र सरळ प्रश्न विचारला गेला. तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी मे १९७९ मध्ये निर्णय दिला की, या यंत्रांची विश्वासार्हता निःसंशय सिद्ध झालेली नाही. समोरच्या खटल्यांतला रडारचा पुरावा त्यांनी नाकारला. इतरत्र न्यायालयांनी रडार मानणे सोडले नाही. पण यंत्रांसाठी आणि पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय निकष पुढच्या काही वर्षांत तयार झाले.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२५ मध्ये वजनमापांच्या नियमांत वेगमापक रडारचा समावेश केला. वाण्याच्या तराजूप्रमाणे आता ही गनही तपासून, शिक्का मारून घ्यावी लागते.