कॉलरीतलं पोट

चुनाभट्ट्या आणि कोळशाची खाण यांवर आमचं राजूर जगलं. १९७३मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर काही वर्षांनी बाबांचं अर्धं जठर नागपुरात काढलं. अल्सर! दोष तिखटाचा, खाणीतल्या पाळीचा आणि काळजीचा, अशीच तेव्हाची समजूत.

व्हिएन्नात बिलरोथनं १८८१मध्ये कर्करोगासाठी जठराचा भाग यशस्वीपणे काढला. पुढे जवळजवळ शंभर वर्षं अल्सरवरही हाच इलाज चालला. १९८२मध्ये मार्शल आणि वॉरन यांनी जठरात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. बहुतेक अल्सर गोळ्यांनी बरे होऊ शकतात, हे त्यानंतर सिद्ध झालं. खाणीतल्या माणसांची कापलेली पोटं आठवली की अजून जीव तुटतो.

जठर कापलं की आम्ल घटतं. एरवी त्यात मरणारे तोंडातले स्ट्रेप्टोकोकससारखे जिवाणू मग जिवंत खाली उतरतात, आतड्यात वस्ती करतात. लहान आतड्यात त्यांची गर्दी झाली की पोट फुगतं, जुलाब लागतात, अन्नातलं बी-१२ही तेच फस्त करतात. घडी बसायला महिने जातात, आणि ती पूर्वीसारखी बसेलच असं नाही.

आई रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवायची. सकाळी आंबलेलं पीठ जिरं, लसूण, मीठ घालून पातळ शिजवायची. शिजताना त्यातले जिवाणू मरतात, पण ती वरून ताजं ताक ओतायची. ‘थोडं थोडं घ्या जी,’ म्हणत दिवसभर वाटीवाटीनं आंबील द्यायची. बाबांचं पोट त्यावर हळूहळू सावरलं. बी-१२ची सुई मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.