डेबियन : एका करारनाम्याची कथा

संगणक ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो, ती बहुधा व्यापारी मंडळ्यांची मिरास असते. १९९३ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक यानें, कोणासही पाहतां-बदलतां येतील अशा आज्ञावली लिनक्सच्या गाभ्याभोंवतीं जुळवून ‘डेबियन’ रचण्याचें योजिलें. नांवांत त्याची प्रेयसी डेब्राही आहे! १९९६ त त्यानें सूत्रें सोडलीं. एरवीं असे उद्योग तेथेंच आटोपतात. परंतु विनावेतन राबणाऱ्या सहकाऱ्यांनीं १९९७ त समाजाशीं लेखी करार केला: काम सर्वस्वी मुक्त राहील, त्यांतील दोष लपविले जाणार नाहींत. दुसरें वचन आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. तें देण्याचें धैर्य सरकारांनाही क्वचितच होतें. १९९८ त घटना झाली, प्रमुख मतदानानें निवडला जाऊं लागला. मर्डॉक २०१५ त वारला. २०१७ ची नववी आवृत्ति डेबियनकारांनीं त्यालाच अर्पण केली.